वाट पाहणाऱ्यांचे युद्धपट

२३ जानेवारी १९४३ या दिवशी 'कॅसाब्लांका' अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत सर्वत्र झळकला. न्यूयॉर्कला त्याचा पहिला खेळ दोन महिने आधीच होऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी, म्हणजे २४ तारखेच्या रविवारी, आपल्या पुण्याच्या कॅम्पातल्या कॅपिटॉल थिएटरात बाँबचा स्फोट झाला आणि चित्रपट पाहायला आलेले काही ब्रिटिश सैनिक ठार झाले. बेचाळीसच्या चळवळीतल्या तरुणांचे हे काम होते. दारूगोळा खात्यात नोकरीला असलेल्या भास्कर कर्णिकांनी पुढे फरासखान्यात, पोलिसांच्या हाती काही लागू नये म्हणून, विष घेऊन प्राण दिला. कॅपिटॉलचे नाव नंतर बदलले आणि ते 'व्हिक्टरी' झाले. विजय नेमका कोणाचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. युद्धपट म्हणजे कुठल्यातरी लांबच्या देशातले विमानांचे आणि रणगाड्यांचे खेळ, अशी आपली समजूत असते. पुण्याला मात्र हे युद्ध कधीच लांबचे नव्हते. खडकीला, देहूरोडला दारूगोळा होता. वानवडीला १९४४ साली कृत्रिम अवयव केंद्र निघाले ते याच युद्धात हातपाय गमावलेल्या जवानांसाठी. आणि आम्ही राहतो त्या खराडीच्या पाठीमागचा लोहगावचा विमानतळ हादेखील मूळचा युद्धाचाच. मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी ब्रिटिशांनी १९३९ मध्ये तो उभारला. खराडी तेव्हा नदीकाठचे शेतीवाडीचे खेडे होते. १९९७ साली ते महापालिकेत आले, मग आयटी पार्क आले, मग आमच्यासारखे बाराव्या मजल्यावर राहणारे लोक आले. शेते गेली, विमाने राहिली. आज तिथून सुखोई उडतात. एखादे डोक्यावरून गेले की घरातला संवाद थांबतो, खिडकीची तावदाने थरथरतात आणि दूरचित्रवाणीवरचा नायक नुसतेच ओठ हलवतो. जुने युद्धपट पाहताना हा आवाज इतका चपखल बसतो की पाहुण्यांना तो चित्रपटातलाच वाटतो.

गेले काही महिने आमच्या घरी रविवारी दुपारी जुने युद्धपट बघण्याचा परिपाठ चालू आहे. चार पिढ्या एका सोफ्यावर आणि त्याच्या आसपास बसतात. त्याचे कारण करमणूक एवढेच नाही. आमची नात यंदा बारावीत आहे आणि तिला एनडीएची परीक्षा द्यायची आहे. मुलींना ही वाट आता मोकळी झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ सालच्या आदेशानंतर मुलींनी परीक्षा दिली, २०२२ मध्ये १९ जणींची पहिली तुकडी खडकवासल्याला दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये त्यातल्या १७ जणी मुलांच्या बरोबरीने संचलन करून बाहेर पडल्या. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातले छायाचित्र नातीच्या टेबलासमोर चिकटवलेले आहे. आमच्या सूनबाईंना ते छायाचित्र आवडत नाही. ती तसे बोलून दाखवत नाही, पण त्या खोलीत केर काढताना ती त्या भिंतीकडे पाहत नाही.

तेव्हा, "आधी युद्ध म्हणजे काय ते तरी बघू दे पोरीला," असे म्हणून आमच्या ह्यांनी ही रविवारची टूम काढली. चित्रपट पाहून युद्ध कळते, यावर माझा विश्वास नाही. पण युद्धाबद्दल आपल्या मनात काय काय साठलेले आहे, ते मात्र कळते.

आमच्या पिढीच्या मनात ते कसे साठले? आधी पुस्तकांतून. साठ-सत्तरच्या दशकांत वि. स. वाळिंब्यांचे 'वॉर्सा ते हिरोशिमा' आणि वि. ग. कानिटकरांचे 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' न वाचलेला पुणेरी मुलगा शोधावा लागला असता. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या मुलांना स्टालिनग्राड कुठे, डंकर्क कुठे हे तोंडपाठ असायचे. मग हीच मुले सायकली काढून वेस्टएन्डला, अलकाला इंग्रजी चित्रपट पाहायला जायची. इंग्रजी निम्मेअधिक कळायचे नाही. पण पूल उडणार की नाही हे कळायला इंग्रजी कशाला लागते? आमचे हे अजूनही ग्रेगरी पेकचे नाव घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे घ्यावे तसे घेतात.

म्हणून पहिला मान मिळाला तो 'गन्स ऑफ नॅव्हरोन'ला. १९६१ चा चित्रपट. ॲलिस्टर मॅक्लीनच्या कादंबरीवरचा. ग्रीसच्या समुद्रातल्या एका बेटावर जर्मनांच्या दोन प्रचंड तोफा आहेत आणि मूठभर माणसांनी कडा चढून त्या निकामी करायच्या आहेत. असे बेट नकाशात नाही, तोफाही नाहीत. सारे काल्पनिक. पण वादळात कडा चढण्याचा तो प्रसंग आजही श्वास रोखून पाहावा लागतो. नातीने एकदाच मान हलवून दाद दिली. नंतर तिने विचारले, "आबा, यात सगळे लोक पन्नाशीचे का आहेत?" प्रश्न अगदी रास्त होता. पेक, निव्हन, क्विन, सगळे चाळिशी उलटलेले. प्रत्यक्षात युद्ध लढतात ती वीस-बावीसची मुले. थिएटरात पाहताना ह्यांना हे कधी जाणवले नव्हते, कारण तेव्हा हेच पंधरा वर्षांचे होते आणि त्यांना पडद्यावरचे सगळेच मोठे वाटत होते.

घरी चित्रपट पाहण्याचा हा एक फायदा. थिएटरातल्या अंधारात प्रश्न विचारता येत नाही. इथे रिमोटचे बटण दाबले की ग्रेगरी पेक कड्याला लोंबकळत थांबतो आणि आपण वाद घालू शकतो. तोट्याचे बोलायचे तर त्याला अशा अवस्थेत लोंबकळत ठेवून कोणी चहाचे आधण टाकायला उठते, कोणाचा फोन वाजतो, कोणी कुरिअरवाल्याला दार उघडते. साहसाला सलगपणा लागतो. तो आमच्या दिवाणखान्यात मिळत नाही. प्रेमकथेला मात्र तो तितकासा लागत नाही, असे माझे निरीक्षण आहे. तीत अडथळे मुळातच असतात.

'द ग्रेट एस्केप' पाहिला तो दिवस मात्र वेगळा गेला. १९६३ च्या या चित्रपटात जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीतून दोस्त राष्ट्रांचे वैमानिक भुयार खणून पळतात. ही घटना खरी आहे. मार्च १९४४ मध्ये ७६ जण बाहेर पडले, त्यातले तिघेच सुखरूप सुटले आणि पन्नास जणांना पकडून गोळ्या घालण्यात आल्या. स्टीव्ह मॅक्वीनने मोटरसायकलवरून कुंपण ओलांडायचा केलेला प्रयत्न मात्र साफ बनाव. खुद्द ती उडीही त्याच्या बदल्यात दुसऱ्यानेच मारलेली. चित्रपट संपल्यावर ह्यांनी नातीला जे सांगितले ते तिने आधी ऐकले नव्हते आणि खरे सांगायचे तर आपल्यातल्या पुष्कळांनी ऐकलेले नसेल.

आपल्याकडेही असे एक पलायन झाले आहे. हवाई दलाचे वैमानिक दिलीप पारुळकर यांचे विमान १९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानात पाडले गेले आणि ते युद्धकैदी झाले. रावळपिंडीच्या छावणीत ते, एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या तिघांनी खोलीच्या भिंतीला भोक पाडायला सुरुवात केली. भिंतीतला चुना-विटा उकरायच्या, राडा लपवायचा आणि दिवसा काही घडलेच नाही असे वागायचे. ऑगस्ट १९७२ मध्ये एका रात्री ते बाहेर पडले. पेशावरपर्यंत बसने गेले, तिथून जमरूद, मग लंडी कोतल. अफगाणिस्तानची हद्द चारेक मैलांवर राहिली होती. पुढे जाण्यासाठी त्यांनी चौकशी केली ती लंडी खाना या रेल्वे स्टेशनाची. त्यांच्याजवळच्या माहितीत ते स्टेशन होते. प्रत्यक्षात तिथली गाडी १९३२ सालीच बंद झालेली. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्टेशनाला जाऊ पाहणारे हे कोण, असा संशय आला आणि तिघे पकडले गेले. त्याच वर्षअखेरीस ते इतर कैद्यांबरोबर मायदेशी परतले. यावर पुस्तक निघाले, चित्रपटही निघाला. पारुळकर ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्याजवळ वारले.

मॅक्वीनच्या मोटरसायकलीपेक्षा हे बंद पडलेले स्टेशन मला कितीतरी मोठे वाटते. पटकथालेखकाला असे सुचले नसते, आणि सुचले असते तर निर्मात्याने ते काढून टाकले असते.

आता 'कॅसाब्लांका'कडे वळू. हा चित्रपट आम्ही सूनबाईंच्या आग्रहावरून लावला. मोरोक्कोतल्या एका गावात निर्वासित अडकून पडले आहेत. पुढे जायला परवाने हवेत आणि ते परवाने एका खानावळवाल्याच्या हाती आहेत. हा खानावळवाला म्हणजे हम्फ्री बोगार्ट. पॅरिसमध्ये ज्या बाईने त्याला सोडले तीच नेमकी नवऱ्याबरोबर तिथे येऊन उभी राहते. ती इन्ग्रिड बर्गमन. जवळजवळ सबंध चित्रपट कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत उभा केलेला आहे. शेवटच्या प्रसंगातले विमान पुठ्ठ्याचे आहे आणि ते मोठे भासावे म्हणून त्याच्या आसपास बुटकी माणसे उभी केली होती. बर्गमन उंच म्हणून बोगार्टच्या पायांत जाड तळाचे बूट. चित्रीकरण चालू असताना पटकथा पुरी झालेली नव्हती. एवढी सगळी लबाडी असून त्यातला एक प्रसंग मात्र शंभर टक्के खरा वाटतो. जर्मन अधिकारी आपले गाणे म्हणत असतात आणि खानावळीतले बाकीचे लोक उठून फ्रान्सचे राष्ट्रगीत गाऊ लागतात. त्या गर्दीतले कितीतरी नट-नट्या हिटलरच्या तावडीतून सुटून आलेले खरोखरचे निर्वासित होते. त्यांच्या डोळ्यांतले पाणी ग्लिसरिनचे नव्हते. जर्मन मेजरचे काम करणारा कॉनराड व्हाइट हा स्वतः नाझींचा कट्टर विरोधक, जर्मनी सोडून आलेला. हे समजल्यावर तो प्रसंग आम्ही पुन्हा लावला. सूनबाईंनी दुसऱ्या वेळी चष्मा काढून पुसला.

या चित्रपटात शेवटी नायक प्रेयसीला विमानात बसवून देतो आणि स्वतः मागे राहतो. नातीचे मत असे पडले की निर्णय त्या बाईला विचारून घ्यायला हवा होता. यावर घरात अर्धा तास वाद झाला. ह्यांनी बोगार्टची बाजू घेतली आणि ते एकटे पडले.

पण आमच्या घरातल्या रविवारांचा रंग बदलला तो 'हम दोनों'ने. १९६१ चा नवकेतनचा चित्रपट. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर असलेला कॅप्टन आनंद आणि हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा मेजर वर्मा, अशा दोन्ही भूमिका देव आनंदच्या. मेजर बेपत्ता होतो. कॅप्टन ती बातमी सांगायला त्याच्या घरी जातो आणि घरातले त्यालाच मेजर समजून बसतात. मेजरची बायको हृदयविकाराने आजारी आहे, तेव्हा खरे सांगायची सोय नाही. २०११ मध्ये हा चित्रपट रंगवून पुन्हा प्रदर्शित केला गेला. आम्ही दोन्ही प्रती थोड्या थोड्या पाहिल्या आणि मूळच्या काळ्या-पांढऱ्या प्रतीवरच सगळ्यांचे एकमत झाले. त्या लायटरच्या ज्योतीला रंगाची गरज नाही. आणि तो लायटर उघडला की वाजणारी जयदेवची धून एकदा कानात शिरली की सोमवारच्या भाजीबाजारापर्यंत सोबत येते.

हा चित्रपट हिंदी खरा, पण त्यातली माणसे मोजा. मेजरची बायको नंदा, म्हणजे मास्टर विनायकांची लेक. एक आई लीला चिटणीस, दुसरी ललिता पवार. साधनाचे वडील गजानन जागीरदार. नायक-नायिका आणि युद्ध वगळता निम्मे घर मराठीच आहे. खुद्द देव आनंदची पडद्यावरची सुरुवातही पुण्यातली, प्रभातच्या 'हम एक हैं'मधली. त्याच्या आयुष्यातला आणखी एक तपशील इथे फार मोलाचा आहे. चित्रपटात येण्यापूर्वी, युद्धकाळात, तो मुंबईत लष्कराच्या सेन्सॉर कचेरीत नोकरीला होता. सैनिकांची पत्रे वाचायची आणि त्यात नको ते काही आहे का हे पाहायचे, हे त्याचे काम. दुसऱ्यांचा विरह वाचून पोट भरणारा हा तरुण पुढे जन्मभर पडद्यावर प्रेम करीत राहिला.

हे मी मोठ्याने सांगत होते तेव्हा आमच्या सासूबाई कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत बसल्या होत्या. त्या आता सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचे माहेर सातारा जिल्ह्यातले, कोरेगावकडचे. त्या भागात घरटी एक माणूस पलटणीत ही जुनी रीत. सासूबाईंचे वडील मराठा पलटणीतून लढाईवर गेले तेव्हा त्या तीन वर्षांच्या होत्या. ते परत आले तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. मधल्या पाच वर्षांबद्दल या घरात लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्या तोंडून अवाक्षर ऐकले नव्हते.

पडद्यावर नंदा पत्र वाचत होती. सासूबाई म्हणाल्या, "तिला वाचता तरी येतंय."

मी चित्रपट थांबवला.

"आमच्या आईला कुठं वाचता येत होतं? कागद आला की शाळंतल्या मास्तरांकडं जायचं. मास्तर ओट्यावर बसून वाचायचे. आजूबाजूची चार माणसं ऐकायला. दादा काय लिवणार त्यात? म्हस कशी आहे, पाऊस झाला का, थोरल्यांना नमस्कार. आईचं नाव बी नसायचं. घरच्यांस, एवढंच." मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, "त्या घरच्यांसवर आईनं पाच वर्षं काढली."

नंतर त्या बराच वेळ बोलत होत्या. मनीऑर्डर यायची त्या दिवशी घरात गोडधोड व्हायचे नाही, कारण तार आणि मनीऑर्डर दोन्ही आणणारा माणूस एकच आणि तो लांबून दिसला की काळजात धस्स व्हायचे. वडील परतले त्या दिवशी त्या परक्या माणसाला भिऊन परसात जाऊन लपल्या. वडिलांनी इटलीची काही हकिकत सांगितली का, असे नातीने विचारले. "एकच सांगायचे. तिथं बी द्राक्षाचे मांडव असत्यात म्हणायचे."

हिंदी चित्रपटात वाट पाहण्याला एक गाणे देतात. तीन मिनिटांत पानगळ होते, मोहोर येतो, दिवा लागतो, विझतो. मला या क्लृप्तीचे कौतुक आहे, दुसरे काय करणार बिचारे! पण त्या दिवसानंतर मी अशी गाणी लागली की घड्याळाकडे पाहते.

'हम दोनों'च्या शेवटाकडे मेजर परत येतो तो पाय गमावून. सासूबाईंना ते फार खरे वाटले. गावातले एकजण असे वानवडीहून पाय लावून आले होते, आणि पोरे त्यांच्यामागून त्या लाकडी पायाचा आवाज ऐकायला जायची, असे त्यांनी सांगितले. खडकीला तर पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, स्थापन झालेली, अपंग सैनिकांना कामधंदा शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. चित्रपट मेजर घरी पोचला की संपतो. या संस्थांचे काम त्यानंतर सुरू होते.

मराठी माणसाची म्हणावी अशी युद्धातली सर्वांत मोठी प्रेमकथा मात्र आपल्या सोलापूरची आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म १९१० चा. मुंबईच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिकलेले. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक तिकडे पाठवले. डॉ. अटल त्याचे प्रमुख. नागपूरचे डॉ. चोळकर आणि आपले कोटणीस त्यात होते. बाकीचे यथावकाश परतले, कोटणीस राहिले. आघाडीवर शस्त्रक्रिया करता करता ते तिथल्या बेथून रुग्णालयाचे संचालक झाले. १९४१ मध्ये त्यांनी क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. मुलगा झाला, त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. मूल साडेतीन महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, कोटणीस अपस्माराच्या झटक्यांनी वारले. वय अवघे बत्तीस.

व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये राजकमलतर्फे 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. कथा ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून घेतलेली. शांताराम स्वतः कोटणीस आणि जयश्री चिंग लान. युद्धकाळात कच्ची फिल्म परवान्यावर मिळत असे आणि निर्मात्यांनी युद्धकार्याला उपयोगी पडेल असा चित्रपट काढावा हा सरकारचा धोशा असे. शांतारामांनी जपानविरोधी चित्रपट तर दिला, पण नायक म्हणून निवडला तो काँग्रेसने पाठवलेला माणूस. सरकारला नाही म्हणता येईना आणि प्रेक्षकांना जे समजायचे ते समजले. याला म्हणतात कोल्हापूरचे पाणी!

आज पाहताना चित्रपटातल्या काही गोष्टी खटकतात. चीन उघड उघड परळच्या स्टुडिओत उभा केलेला आहे. जयश्रीबाईंचे डोळे चिनी दिसावेत म्हणून केलेली रंगभूषा पाहून नात मनमुराद हसली. प्लेगच्या साथीचा भाग वाढवून सांगितलेला आहे. मृत्यूच्या प्रसंगातला संवाद नाटकी आहे. पण जयश्रीबाईंच्या हालचालींत एक शांतपणा आहे, वसंत देसाईंचे संगीत आहे, आणि शेवटाकडे ती परदेशी सून मूल घेऊन सोलापूरच्या दाराशी येते तेव्हा हसणारी नात गप्प झाली.

चित्रपट तिथे संपतो. क्वो छिंगलान पुढे चीनमध्येच राहिल्या, भारतात येऊन सासरच्यांना भेटून गेल्या आणि २०१२ मध्ये वारल्या. मुलगा यिनहुआ वैद्यकीचे शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये चोविसाव्या वर्षी गेला. सोलापूरला कोटणीसांच्या घराचे स्मारक झाले आहे. पंढरपूरला जाताना वाट थोडी वाकडी करून मुलांना ते जरूर दाखवावे.

चेतन आनंदचा 'हकीकत' आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता. हरलेल्या युद्धावर चित्रपट काढायचा आणि तोही पराभवानंतर दोन वर्षांत, १९६४ मध्ये, ही सोपी गोष्ट नाही. लडाखच्या बर्फात माघार घेणारी तुकडी, अपुरी काडतुसे, धर्मेंद्र, प्रिया राजवंश, बलराज साहनी. जवान शेकोटीभोवती बसून घरची आठवण काढतात ते मदनमोहनचे गाणे चार आवाजांत आहे. त्यातला भूपिंदर पडद्यावरही दिसतो. या गाण्यात कोणी शत्रूला शिव्या देत नाही, कोणी छाती बडवत नाही. अलीकडच्या युद्धपटांतल्या आरोळ्यांनी कान किटलेल्यांना हे गाणे औषधासारखे आहे. धर्मेंद्र २०२५ च्या नोव्हेंबरात गेले तेव्हा दूरचित्रवाणीवर 'शोले' शंभर वेळा दाखवला. मला मात्र हाच बर्फातला तरणाबांड कॅप्टन आठवत राहिला.

चित्रपट संपल्यावर सूनबाई पहिल्यांदा बोलली. "हे पाहूनही तुला जायचंय?" असे तिने लेकीला विचारले. नातीने उत्तर दिले नाही. तिने उलट विचारले, "आई, मुलगा असते तर तू अडवलं असतंस?" सूनबाई म्हणाली, "हो. तेव्हाही." आणि ती स्वयंपाकघरात गेली. हे उत्तर प्रामाणिक होते, असे मला वाटले. बाकीच्यांनी मग टेबलावरची भांडी उचलली.

एक गोष्ट मात्र या सगळ्या रविवारांत खुपत राहिली. इटलीतल्या, आफ्रिकेतल्या युद्धावर परदेशात इतके चित्रपट निघाले, पण त्यात आपला माणूस दिसत नाही. सेनिओ नदीकाठी ९ एप्रिल १९४५ ला नामदेव जाधव या शिपायाने दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या जमिनीतून एकेक करून उचलून आणले, मग एकट्याने शत्रूची मशिनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते १९८४ मध्ये पुण्यातच वारले. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात पडले. त्यांचा क्रॉस त्यांच्या पत्नीच्या हाती दिला गेला. इटलीतल्या माँतोने गावाने २०२३ साली घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. ग्रेगरी पेकने चढलेला कडा कल्पनेतला होता. जाधवांनी ओलांडलेली नदी खरी आहे आणि तिच्यावर चित्रपट नाही.

खडकवासल्याच्या प्रबोधिनीच्या मुख्य इमारतीला सुदान ब्लॉक म्हणतात, तेही याच माणसांमुळे. सुदानच्या रक्षणासाठी लढलेल्या हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ तिथल्या सरकारने दिलेली देणगी त्या इमारतीच्या कामी आली. नातीला ते नाव ठाऊक होते, कारण नव्हते. सासूबाईंना सुदान ठाऊक नव्हते, पण तिकडून बोटीने पुढे गेलेल्या पलटणीतली दोन-तीन नावे अजून आठवत होती. मी ती वहीत उतरवून घेतली आहेत.

हे चित्रपट मिळवायचे कुठे, असे पुष्कळजण विचारतात. पूर्वी कॅसेट लायब्ररीत नाव नोंदवून वाट पाहावी लागे आणि व्हीसीआर भाड्याने आणला की रात्रभरात तीन चित्रपट उरकावे लागत. आता बहुतेक सगळे घरबसल्या मिळतात. पण प्रत पाहून घ्या. जुन्या हिंदी चित्रपटांच्या काही प्रतींत गाणी कापलेली असतात, आवाज ओठांच्या मागून येतो. लॉ कॉलेज रोडवरचे चित्रपट संग्रहालय पी. के. नायर यांनी डबे गोळा करून उभे केले म्हणून निदान एवढे तरी उरले आहे. २००३ च्या आगीत तिथल्या जुन्या फिल्म्सचा मोठा ठेवा जळाला. एवढे एक मात्र सुचवते, की घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल तर त्यांना चांगल्या खुर्चीत, आवाज नीट येईल असे बसवा आणि रिमोट हाताशी ठेवा. त्या कधी बोलू लागतील सांगता येत नाही.

नातीच्या अर्जावर सही अजून झालेली नाही. मुदत संपायला नऊ दिवस आहेत. परवा सासूबाईंनी तिला जवळ बोलावून विचारले, "तिकडं गेलीस तर कागद लिवशील का?" नात म्हणाली, "पणजी, आता फोन असतो." सासूबाईंनी मान हलवली आणि त्यांच्या ट्रंकेची किल्ली माझ्याकडून मागून घेतली. आत एक पत्र्याचा डबा आहे, त्यात घडीवर फाटलेली अकरा पत्रे आहेत. मोडीत आहेत, वाचणारे घरात कोणी नाही. येत्या रविवारी चित्रपट नाही. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकलेले एक ओळखीचे गृहस्थ दुपारी चारला खराडीला येणार आहेत. सूनबाईने त्यांच्यासाठी साबुदाण्याची खिचडी करायचे ठरवले आहे, कारण त्या दिवशी त्यांचा उपास आहे.